'बोग': आधी देव की आधी वाटा?

प्रागमधल्या मोठ्या किराणा दुकानाच्या मागच्या अंगाला, जिथे ट्रक उलटे लागतात आणि खोकी उतरतात, तिथल्या दारावर एक शब्द हमखास दिसतो: झ्बोझी. चेक भाषेत झ्बोझी म्हणजे माल. मोजून घ्यायचा, विकायचा, नापसंत पडला तर परत करायचा माल. सरहद्द ओलांडून पोलंडमध्ये गेलं की हाच शब्द 'झ्बोझे' होतो आणि त्याचा अर्थ होतो धान्य: गहू, राय, जव. जर्मनीच्या पूर्व टोकाला बाउत्झेन शहराच्या आसपास अपर सोर्बियन ही छोटी स्लाव्हिक, म्हणजे रशियन, पोलिश, चेक यांच्या कुळातली, भाषा बोलली जाते. तिच्यात 'झ्बोझो' म्हणजे सुख, नशीब. तिच्या उत्तरेला, कोटबुसकडच्या लोअर सोर्बियनमध्ये, याच शब्दाचा अर्थ गुरंढोरं.

माल, धान्य, नशीब, गुरं. हे चारही एकाच शब्दाचे वंशज आहेत आणि त्या शब्दाच्या पोटात 'बोग' बसलेला आहे. सगळ्या स्लाव्हिक भाषांमध्ये बोग म्हणजे देव. मग मालाच्या खोक्यात, धान्याच्या पोत्यात देव कसा शिरला? या प्रश्नाचा पाठपुरावा केला की तो उलटा होतो, असं मला वाटतं. धान्यात देव शिरला नाही. धान्यातून, वाट्यातून देव निघाला.

आधी शब्दाची ओळख करून घेऊ. भाषाशास्त्रात ज्या शब्दाची लेखी नोंद नाही, पण वंशज भाषांवरून ज्याचं रूप मागे जाऊन बांधता येतं, त्याच्यासमोर तारा लावतात: *बोगु. शेवटचा 'उ' अगदी ओझरता, अर्धवट उच्चारला जाणारा होता आणि पुढे तो बहुतेक ठिकाणी गळून पडला. बल्गेरियन, सर्बियन, स्लोव्हेनियनमध्ये बोग राहिला. पोलिशमध्ये स्वर वर सरकला आणि शेवटचा व्यंजन कठोर झाला, म्हणून ऐकू येतं 'बुक'. चेक, स्लोव्हाक, युक्रेनियन आणि बेलारूसी या भाषांनी जुन्या 'ग'चा 'ह' केला. म्हणून स्लोव्हाकमध्ये 'बोह' आणि चेकमध्ये लांब स्वराचा 'बूह'. रशियनमध्ये एक गंमत राहून गेली आहे. रशियन 'ग' शब्दाच्या शेवटी 'क' होतो, पण देवाचं नाव मात्र 'बोख' असं उच्चारतात. चर्चच्या जुन्या, दक्षिणेकडून आलेल्या उच्चाराची ती खूण आहे. प्रार्थनेतला शब्द बाजारातल्या शब्दासारखा झिजत नाही.

देवाला हाक मारायची वेळ आली की सगळीकडे एकच रूप: बोझे! रशियनमधून संबोधन विभक्ती जवळजवळ नाहीशी झाली, तरी 'बोझे' टिकलं. यातला 'झ' म्हणजे 'ट्रेझर' म्हणताना जो आवाज येतो तो. मूळ 'ग'पुढे 'ए' आला की आद्य-स्लाव्हिकमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाव्हिक भाषांच्या समाईक पूर्वज भाषेत, त्याचा हा 'झ' व्हायचा. आपल्याला हे मुळीच परकं वाटू नये. आपल्याकडे भाग आणि भजणे, त्याग आणि त्यजणे, युग आणि योजणे अशा जोड्या आहेतच. पाणिनीने यासाठी सूत्र दिलं, 'चजोः कु घिण्ण्यतोः', आणि भज् पासून भाग सिद्ध करताना 'ज'चा 'ग' केला. ऐतिहासिक क्रम उलटा आहे: मूळ ध्वनी 'ग' आणि पुढच्या 'ए'सारख्या स्वरामुळे त्याचा 'ज' झाला. संस्कृतच्या पूर्वजांनी आणि स्लाव्हांच्या पूर्वजांनी ही गोष्ट वेगवेगळ्या काळात, एकमेकांना न विचारता केली. पण 'भग' आणि 'भजति' यांच्यात जे नातं, तेच 'बोग' आणि 'बोझे' यांच्यात आहे.

मी भग आणि बोग शेजारी ठेवले ते उगीच नाही. ते खरोखर नातेवाईक आहेत. वाद आहे तो नात्याच्या प्रकाराचा: सख्खं की दत्तक?

भग हा ऋग्वेदातला आदित्य. सातव्या मंडलातलं एक्केचाळिसावं सूक्त त्याचं. 'प्रातरग्निं प्रातरिन्द्रं हवामहे' अशी त्याची सुरुवात असल्यामुळे ते पुष्कळांच्या कानावरून गेलेलं असतं. दुसऱ्या ऋचेत म्हटलंय, 'आध्रश्चिद्यं मन्यमानस्तुरश्चिद्राजा चिद्यं भगं भक्षीत्याह'. दुबळा असो, बलवान असो, राजा असो, प्रत्येक जण त्याच्याकडे बघून म्हणतो, मला भगाचा वाटा मिळू दे. इथे 'भग' हा देवही आहे आणि मागितलेली वस्तूही आहे. वाटणारा आणि वाटा एकाच शब्दात. पुढे पाचव्या ऋचेत 'भग एव भगवाँ अस्तु देवास्तेन वयं भगवन्तः स्याम', म्हणजे भग हाच भगवान असो आणि त्याच्यामुळे आम्हीही भगवंत होऊ. भगवंत म्हणजे इथे ज्याच्याकडे भग आहे, वाटा आहे, तो. आम्ही देव होऊ असं ऋषी म्हणत नाही. आमचं घर भरलेलं असो, असं म्हणतो.

मुळात *भग् या धातूचा अर्थच वाटून देणे. आपल्या रोजच्या बोलण्यात त्याची पिलावळ किती आहे, हे मोजायला बसलं तर हात दुखतील. भाग, भागीदार, विभाग, भाग्य, अभागी, शाळेतला भागाकार आणि त्यातले भाज्य-भाजक. भक्त, म्हणजे वाटा मिळालेला किंवा वाटेकरी झालेला. आणि त्याच 'भक्त' शब्दाचा जुना दुसरा अर्थ, वाटणीचं अन्न. त्यातून प्राकृतातून उतरला तो आपला भात. इराणी बाजूने हाच धातू फारसीतून परत आपल्या दारात आला: बख्त म्हणजे नशीब (कमबख्त आठवा), आणि बक्षीस. ग्रीकमध्ये 'फागेइन', खाणे, तेही याच मुळाशी जोडतात. खाणे म्हणजे आपला वाटा घेणे.

म्हणजे पोलिश शेतकऱ्याचं 'झ्बोझे' आणि आपल्या ताटातला भात हे दोघे एकाच धातूची लेकरं. दोन भाषांनी हजारो किलोमीटरांवरून, दोन वेगळ्या रस्त्यांनी, वाट्याच्या शब्दाचा धान्याचा शब्द केला.

आता इराणकडे वळू, कारण प्रकरणातली खरी गुंतागुंत तिथे आहे. प्राचीन फारसीत 'बग' म्हणजे देव. इराणमधल्या नक्श-ए-रुस्तम इथल्या दारयवहू सम्राटाच्या (राज्यकाळ इ.स.पू. ५२२ ते ४८६) शिलालेखाची सुरुवातच 'बग वझ्रक अउरमझ्दा' अशी आहे: थोर देव आहे अहुरमझ्द. यातल्या 'वझ्रक'चा पुढे फारसीत 'बुझुर्ग' झाला आणि आपल्याकडे बुजुर्ग म्हणून आला. बगदाद हे नावही याच कुळातलं: मधल्या फारसीत बग-दाद, देवाने दिलेलं. स्लाव्हांमध्ये बोग्दान हे नाव पिढ्यान्पिढ्या ठेवतात. त्याचाही अर्थ तोच, देवाने दिलेला, आणि बांधणीही तीच.

इराणी भाषांनी आणखी एक गोष्ट केली. देवाचा जो जुना इंडो-युरोपीय शब्द, म्हणजे संस्कृत, इराणी, लॅटिन, स्लाव्हिक यांच्या समाईक कुळातला, आपला 'देव', लॅटिनमधला 'देउस', लिथुएनियनमधला 'दिएवास', तो त्यांनी खाली ढकलला. अवेस्तात, म्हणजे पारशी धर्मग्रंथात, 'दएव' म्हणजे सैतान. स्लाव्हांकडेही चित्र असंच दिसतं. देव-शब्दाचं जे रूप तिथे अपेक्षित आहे, 'दिव', ते देवासाठी वापरात नाही. जुन्या रशियन वीरकाव्यात झाडाच्या शेंड्यावर बसून ओरडणारा अपशकुनी 'दिव' भेटतो. बाल्टिक भाषा (लिथुएनियन, लाटव्हियन) स्लाव्हिकच्या सगळ्यात जवळच्या नातेवाईक, पण त्यांनी 'दिएवास' देवघरातच ठेवला. स्लाव्ह मात्र इराण्यांसारखे वागले.

हे आपोआप घडलं म्हणणं कठीण आहे. शेजार होता. काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ मैदानात आधी सिथियन आणि मग सार्मेशियन, इराणी भाषा बोलणारे घोडेस्वार, सुमारे हजार वर्षं फिरत होते. त्यांच्या वायव्येला, नीपर नदीच्या पश्चिमेकडच्या रानांत आणि दलदलीत, स्लाव्हांचे पूर्वज राहत असावेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. डॉन नदीच्या नावात अजूनही इराणी 'दानु', नदी, वाहते आहे. संस्कृतातही दानु आहेच. स्लाव्हिकमधला कुऱ्हाडीचा शब्द 'तोपोर' इराणीतून आला. रशियन कुत्रा, 'सोबाका', बहुधा तिकडचाच. प्राचीन इराणमधले मीड लोक कुत्र्याला 'स्पाका' म्हणतात, हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे. मग देवाचा शब्दही तिकडूनच उचलला, असं का म्हणू नये?

बरेच अभ्यासक तसंच म्हणतात. हा शब्द त्या मैदानांतून दुसरीकडेही गेला याला पुरावा आहे. व्होल्गाकाठचे मोर्डविन लोक इंडो-युरोपीय कुळाबाहेरच्या, फिनिशच्या नात्यातल्या भाषा बोलतात. त्यांच्या एर्झ्या भाषेत देवाला 'पाझ' म्हणतात, आणि मोक्षा भाषेत त्याचाच भाऊ 'पावाझ' म्हणजे सुदैव. हे शब्द इंडो-इराणीतून घेतलेले आहेत यात फारसा वाद नाही. आणि बघा, तिथेही देव आणि नशीब असे दोन्ही अर्थ एका शब्दाबरोबर गेले.

अडचण अशी की रूपावरून निकाल लागत नाही. मूळ इंडो-युरोपीय ऱ्हस्व 'अ' स्लाव्हिकमध्ये 'ओ' होतो, आणि इराणीतून घेतलेल्या शब्दातला 'अ' सुद्धा 'ओ' होतो, जसं इराणी 'तपर'चं 'तोपोर'. वारशाने आलेला *भग् आणि उसना घेतलेला 'बग', दोघंही स्लाव्ह तोंडात बोगच होणार. दोन वाटा एकाच दारात येऊन थांबतात.

एकच साक्षीदार उरतो. जर्मन भाषाशास्त्रज्ञ वेर्नर विंटर यांनी १९७८ साली एक ध्वनिनियम प्रसिद्ध केला. बाल्टिक आणि स्लाव्हिकमध्ये, मूळ ग, द, ब या अल्पप्राण घोष व्यंजनांच्या आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. घ, ध, भ यांच्या आधीचा होत नाही. संस्कृत सद् आणि अद् या धातूंना स्लाव्हिक जोड आहेत, बसणे आणि खाणे, आणि दोन्हींत स्वर लांबलेला आहे. नग्न घ्या. आपल्याकडे प्राकृतातून नागडा झाला. स्लाव्हिकमध्ये 'नागु', त्यातला 'आ' हा लांबलेल्या स्वराची खूण. आता *भग् मध्ये अल्पप्राणच 'ग' आहे. नियम चालला असता तर देवाचं नाव 'बागु' व्हायला हवं होतं. झालं 'बोगु'. म्हणजे नियमाचा काळ संपल्यावर हा शब्द बाहेरून आत आला!

युक्तिवाद मजबूत आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. पण त्याला एक भोक आहे, आणि ते पाण्याचं आहे. स्लाव्हिक 'वोदा', पाणी, संस्कृत उदकाची बहीण. तिच्यातही अल्पप्राण 'द' आहे आणि तरी स्वर लांबला नाही. वोदा काही कुणी उसनी आणलेली नाही. म्हणून काही जणांनी नियम आवळला: पुढे जोडाक्षर असेल, म्हणजे अक्षर बंद असेल, तरच स्वर लांबतो; नग्नमध्ये 'ग्न' आहे, भगमध्ये नाही. ही दुरुस्ती सगळ्यांनी स्वीकारलेली नाही. ती मान्य केली तर बोग घरचाही ठरू शकतो.

ध्वनी थांबतात तिथे मी शब्दाच्या कुटुंबाकडे बघतो, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा तिथेच आहे. *बोगातु म्हणजे श्रीमंत: रशियन बोगाती, पोलिश बोगाती, चेक बोहाती. शब्दशः 'बोग असलेला', पण देव असलेला नव्हे, वाटा असलेला. *उबोगु म्हणजे गरीब: ज्याच्यापासून वाटा दूर गेला तो. पोलिशमध्ये उबोगी, चेकमध्ये उबोही. *नेबोगु म्हणजे बिचारा, अभागी. अर्थ सरकत सरकत चेक 'नेबोश्तीक' आणि पोलिश 'न्येबोश्चिक' म्हणजे कैलासवासी, मयत. आणि शेवटी आपला *सुबोझ्ये. त्यातला आरंभीचा 'सु' हा आपल्या सु-चाच, चांगलेपणा सांगणारा, असं काही अभ्यासक मानतात. स्लाव्हिकमध्ये निरोगी या अर्थाच्या 'सुदोर्वु'तही तोच 'सु' धरला जातो. तसं असेल तर *सुबोझ्ये म्हणजे जवळपास सुभग, सौभाग्य. पोलंडमध्ये सौभाग्याचं धान्य झालं, चेकमध्ये माल, लोअर सोर्बियनमध्ये गुरं. शेतकऱ्याला सौभाग्य कशात दिसतं ते प्रत्येक भाषेने आपापल्या परीने सांगितलं.

श्रीमंत, गरीब, अभागी, मालमत्ता. या चार शब्दांत 'देव' हा अर्थ घालून बघा, एकही नीट उलगडत नाही. 'वाटा' घाला, चारही पाण्यासारखे स्वच्छ होतात. रशियन माणसाला 'उबोगी' हा शब्द 'देवाजवळचा' असा वाटतो, कारण रशियनमध्ये 'उ बोगा' म्हणजे देवापाशी. समजूत हृद्य आहे, दरिद्रनारायण म्हणणाऱ्या आपल्याला तर लगेच पटेल. पण ती नंतर सुचलेली आहे. शब्द बनला तेव्हा त्यात देव नव्हता.

लिथुएनियन आणि लाटव्हियन लोकांनी स्लाव्हांकडून यातले कुठले शब्द घेतले तेही पाहण्यासारखं आहे. श्रीमंत म्हणजे लिथुएनियन 'बागोतास', लाटव्हियन 'बागात्स'. भिकारी म्हणजे 'उबागास' आणि 'उबाग्स'. व्यवहारातले शब्द घेतले, देवाचा नाही. देव त्यांच्याकडे होता.

म्हणून माझा कौल असा. 'वाटा' या अर्थाचा शब्द स्लाव्हांच्या बोलीत खोलवर रुजलेला, बहुधा घरचाच होता. त्याला 'देव' हा अर्थ मात्र इराणी शेजाऱ्यांच्या सहवासात चढला. शब्द आपला, अर्थ शेजारचा. विरुद्ध बाजूचं एक म्हणणं मी मान्य करतो: अवेस्तातही 'बग'ला वाट्याचा अर्थ आहे, तेव्हा दोन्ही अर्थ एकदमच उसने आले असं कुणी म्हटलं तर त्याला खोटं पाडता येणार नाही. मोर्डविनांचं उदाहरण त्याच्याच बाजूने जातं. पण चार-चार जुन्या साधित शब्दांचं कुटुंब आणि त्यात देवाचा मागमूस नाही, हे उसन्या शब्दाला शोभत नाही.

देव झाल्यावरही वाट्याचा वास गेला नाही. कीव्हच्या टेकडीवर राजा व्लादिमिरने ज्या मूर्ती उभारल्या त्यांची यादी जुन्या रशियन बखरीत इ.स. ९८० च्या नोंदीखाली आहे. चांदीच्या डोक्याचा, सोन्याच्या मिशांचा लाकडी पेरुन हा देव पहिला, आणि पुढे खोर्स, दाझ्बोग, स्त्रिबोग. दाझ्बोग या नावाचा पूर्वार्ध 'दे' असं सांगणारा आहे. तो देणारा देव, की 'वाटा दे' असं मागणं? भगसूक्त वाचलेल्या माणसाला दोन्ही एकच वाटेल. पुढे बाराव्या शतकात हेल्मोल्ड नावाच्या जर्मन पाद्र्याने लिहिलं की बाल्टिक किनाऱ्याकडचे स्लाव्ह मेजवानीत एक वाडगा फिरवतात, आणि चांगलं नशीब चांगल्या देवाकडून, वाईट नशीब वाईट देवाकडून येतं असं मानतात. वाईटाचं नाव त्याने दिलं आहे: चेर्नोबोग, काळा देव. (गोऱ्या 'बेलोबोगा'चं नाव त्याच्या मजकुरात नाही, ते नंतरच्यांनी जोडलं.) काळा देव म्हणजे मुळात काळा वाटा असावा, ही शंका माझ्या मनातून जात नाही.

ख्रिस्ती धर्म आला तेव्हा हा शब्द बदलला नाही. सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रचारक भाऊ ८६३ साली मोराव्हियात, आजच्या चेक प्रदेशाकडे, गेले. त्यांनी ग्रीक 'थेओस'साठी बोगच घेतला. स्लोव्हेनियन प्रदेशातल्या सगळ्यात जुन्या, लॅटिन लिपीतल्या हस्तलिखितांत, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या पापकबुलीच्या मजकुरात, 'बोझे, गोस्पोदि मिलोस्तिवी' अशी विनवणी आहे: हे देवा, दयाळू स्वामी. सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन नाताळला 'बोझिच' म्हणतात, छोटा देव. रशियन 'स्पासीबा', म्हणजे आभार, हे 'देव तारो' या वाक्याचं आक्रसलेलं रूप. त्यातला बोग इतका झिजलाय की बोलणाऱ्याला जाणवतही नाही.

आणि पोलंडमधलं सगळ्यात जुनं स्तोत्र, 'बोगुरोजित्सा', देवमाता. त्याची सगळ्यात जुनी नोंद १४०७ सालच्या हस्तलिखितात आहे. पहिल्याच शब्दात बोग आहे, पूर्ण ख्रिस्ती, मेरीच्या कुशीतला. पुढे मागणं येतं: या जगात 'झ्बोझ्नी' वास्तव्य दे आणि आयुष्यानंतर स्वर्गातला निवास. आजच्या पोलिशमध्ये 'झ्बोझ्नी' म्हणजे सात्त्विक, पुण्याचा. त्यामुळे आज ऐकणाऱ्याला वाटतं, इथे पवित्र आयुष्य मागितलंय. ते रचणाऱ्याच्या काळात झ्बोझ्नी म्हणजे भरभराटीचा, सुखासमाधानाचा. त्याने मागितलं होतं भरलेलं कोठार, आणि मग स्वर्ग.